तात्या आगवाले आणि लाव्याची अंडी

तात्या आगवाले कुणाच्याही घरी आले, की आधी दाराच्या चौकटीला पंजा लावून उभे राहायचे. हाक नाही, खाकरणं नाही, कडी वाजवणं नाही. डावा तळवा लाकडावर सपाट ठेवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि आत कोण काय करतंय ते ओळखायचं. माझं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. मी ओटीवर जात्यावर बसले होते, तर दारात हा उंच, काळाकभिन्न, भुवया जळलेला म्हातारा चौकट धरून उभा. मी घाबरून पदर सावरला. तेवढ्यात तो आत बघून ओरडला, "वयनी, नव्या पोरीला सांग, जात्याचा खुंटा ढिला झालाय. हातात येईल तिच्या."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घाबरू नकोस गो. शेजारचा तात्या तो. बहिरा हाय. पण लाकडाला हात लावला, की त्याला सगळं कळतं." मी खुंटा हलवून पाहिला. खरंच ढिला होता.

सत्याग्रहींनी शिरोड्याला मीठ उचललं, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. माझं माहेर दापोलीकडचं मुरुड आणि सासर रत्नागिरीत मिऱ्याच्या डोंगराखाली. वाडीतले निम्मे पुरुष आगबोटींवर. आमचे हेही बोटीवर खलाशी. लग्नानंतर पुरता महिनाही घरी नव्हते. पडावात बसून आगबोटीकडे गेले आणि मी किनाऱ्यावर उभी. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. सासूबाई स्वभावानं चांगल्या, पण मनातलं बोलायला त्या काय उपयोगाच्या? त्यांच्याच मुलाची आठवण येते असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

तात्या आगबोटीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून बॉयलरच्या तोंडात फावड्यानं कोळसा घालणारा माणूस. उभी हयात त्यात गेली. त्या धडधडाटानं कान गेले आणि धगीनं भुवया गेल्या. "इंजिन कानानं ऐकत नाहीत गो बाय," ते म्हणायचे. "तिथं कानाला काय कळणार? पत्र्याला तळवा लावायचा. कुठला दांडा कुरकुरतोय ते तळवा सांगतो." बोटीची नोकरी सुटली तरी ती सवय सुटली नाही. देवळात गेले तरी आधी खांबाला पंजा, मग देवाला नमस्कार.

आता गंमत बघा. नव्या सुनेनं हळू बोलावं, खाली मान घालून बोलावं, हा आमच्या वाडीचा दंडक. पण तात्यांशी बोलायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. सासूबाईंचं ते ओठांवरून ओळखायचे, तेवढी वर्षांची सवय होती. माझं ओळखायचं तर मी तोंडावर पदर घेतलेला! मग काय, सगळ्या वाडीत मोकळ्या गळ्यानं ओरडायची परवानगी असलेली मी एकटीच सून. "तात्याऽऽ, आमटी आणलीय!" हे डोंगराच्या पलीकडे ऐकू जाई. माझा आवाज मोठा आहे अशी आज नातसुना आपसांत कुजबुजतात. त्याचं खापर मी खुशाल तात्यांच्या माथी फोडते.

एवढा ओरडा करूनही त्या माणसाचं घर मुकंच. एक खोली, एक पडवी, एक ताट, एक तांब्या. दुसरं ताट होतं, पण ते भिंतीशी उभं करून ठेवलेलं. राखेनं घासून ठेवायचे, पण त्यात कधी जेवायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर सासूबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "जानकीचं ताट ते. त्याच्या बायकोचं. पहिलंच बाळंतपण होतं. हा तिकडं एडनच्या वाटेवर कोळसा घालत होता. ती गेली, मूलही गेलं. मुंबईला बोट लागली तेव्हा याला कळलं. तोवर आम्ही सगळं उरकून बसलेलो." मग त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

अंड्यांचं वेड सुरू झालं ते माझ्याच विळ्यामुळं. दसऱ्यानंतर आम्ही बायका डोंगराच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, गवत कापायला जायचो आणि तात्या भारे बांधायला यायचे. मी एक मूठ कापली आणि पायांतून भर्रकन एक लावी उडाली, तितराहून लहान रानपाखरू. पाहते तर गवताच्या बुडाशी लहानशी खळी, खळीत सायीच्या रंगाची अंडी, जायफळाएवढी. बायका म्हणाल्या, घे ओटीत, कालवणात होतील. मी म्हटलं, आई येईल की परत. त्यावर एक जाणती म्हणाली, "आता कशाला येतेय? आडोसा गेला. लावी उघड्यावर बसत नाय." तात्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी उडालेली लावी पाहिली होती आणि कापलेलं गवतही. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, अंडी एकेक करून त्यात ठेवली आणि भारे तसेच टाकून डोंगर उतरू लागले.

ती अंडी आधी आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. ती बया बसली ऐसपैस. कोंबडीच्या वजनाला ती नाजूक अंडी कुठली टिकायला? सकाळी निम्म्यांचा चुरा झालेला आणि उरलेली तिनं पायानं बाहेर ढकललेली. तात्यांनी कोंबडीला अशी काही शिवी दिली, की सासूबाईंनी कानावर हात ठेवले. मग म्हणाले, "ऊबच द्यायची ना? आयुष्यभर दुसरं काय केलं मी?" आणि त्याच दिवशी ते पेठेतून चहाचं रिकामं खोकं घेऊन आले.

त्या खोक्याला ते बॉयलर म्हणायचे. खालच्या कप्प्यात कंदील. त्याच्या वर पाण्यानं भरलेला रॉकेलचा पत्र्याचा डबा. डब्यावर भाताच्या तुसाची जाड गादी आणि त्या गादीत अंडी. भोवतीच्या फटी पोत्यानं बुजवलेल्या. प्रत्येक अंड्याला एका अंगावर कोळशाची टिकली, म्हणजे सकाळ-संध्याकाळ फिरवताना चुकायला नको. वात किती वर करायची ते खोक्याच्या फळीला तळवा लावून ठरवायचे. मध्येच एखादं अंडं कंदिलासमोर धरून मला दाखवायचे. आत लाल दोरे दिसायचे, आणि मधोमध एक ठिपका हलायचा. "बघ, इंजिन चालू झालं," म्हणायचे. तसे हसताना मी त्यांना एरवी कधी पाहिलं नव्हतं.

वाडीला विषय मिळाला. पुरुष विचारायचे, काय तात्या, पिल्लं खाणार काय मोठी करून? बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याला चळ लागलाय, दिव्याच्या तेलाची नासाडी. तात्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते एक बरं होतं.

पण पिल्लू निघेना. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. दुसऱ्या खेपेला तर दिवस भरले, एक अंडं कानाशी धरल्यावर मला आत बारीक टकटक ऐकू आली. मी तोंडावरचा पदर काढून ओरडले, "तात्याऽ, वाजतंय!" त्यांनी अंडं तळव्यावर घेतलं, दोन्ही तळव्यांमध्ये धरलं, डोळे मिटले. काही कळेना त्यांना. ज्या हातांना बोटीच्या इंजिनाचा दांडा कळायचा, त्यांना ती एवढीशी चोच कळेना. फावड्यानं घट्टे पडलेले हात ते. मग मी एक युक्ती केली. त्यांचा हात पाटावर ठेवायला लावला, अंडं माझ्या कानाला लावलं, आणि आत जशी टकटक होई, तशी बोटानं पाटावर करू लागले. हळू झाली की हळू, भरभर झाली की भरभर. तात्यांचा चेहरा एकदम बदलला. "येतंय गो," ते म्हणाले. "येतंय वर!"

ते वर आलं नाही. टकटक मंदावत गेली आणि संध्याकाळी थांबली. माझं बोटही थांबलं. तात्या पाटावरचा हात उचलेनात. "का गो थांबलंस?" विचारत राहिले. मी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते अंडं फोडलं. आत पुरं पिल्लू होतं, पिसं, नखं, चोच, सगळं. कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून सुकलेलं. तात्या ते तळव्यावर घेऊन पडवीत बसून राहिले. मी आमटी घेऊन गेले तरी त्यांनी मान वर केली नाही. मग आपणच बोलायला लागले. "सगळं झालं होतं गो बाय. नुसतं बाहेर यायचं राहिलं. जानकीचंही असंच झालं म्हणतात. मी नव्हतो ना. तिनं दाराकडं बघितलं असणार. मी तिथं कोळसा घालत होतो, लोकांच्या बोटीला ऊब देत होतो." त्यांनी बोटानं त्या पिल्लाचं पीस सारखं केलं. "माझी एकच इच्छा हाय. एकदा तरी कोण जन्माला येताना आपण हजर असावं. माणसाचं नशिबात नाय, नाय तं नाय. पाखराचं तरी."

मला रडू आवरेना. माझ्या रडण्यात माझंही दुःख मिसळलेलं होतं, कशाला खोटं बोलू? आमच्या ह्यांना बोटीवर जाऊन वर्ष उलटलं होतं.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या तरातरा उठून तात्यांच्या पडवीत गेल्या, खोक्यात हात घातला आणि त्यांच्यासमोर उभ्या राहून, ओठ हलवत, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "तात्या, ही भट्टी हाय. यात पिल्लू निघंल काय पापड भाजंल? लावी काय सारखी बसून असते? सकाळी उठून चरायला जाते काय नाय? दवाच्या गवतातनं फिरते आणि ओल्या पोटानं येऊन बसते. तुझ्या अंड्यांना पाणी कुठं हाय? अरे, भाकरीसुद्धा पाण्याचा हात लावल्याशिवाय थापली जात नाय. तुकडे पडतात तिचे."

तात्या म्हणाले, "आग सोडून उठायचं?"

"रोज थोडा वेळ उठायचं."

"वयनी, पहाऱ्यावर असताना आगीसमोरून उठायचं नाय. वाफ पडली, की बोट मधल्या समुद्रात लटकते."

"ही बोट नाय रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "हे बाळंतघर हाय. आणि एवढा बसून राहिलास, म्हणून तुझं काय तगलं ते सांग!"

हे बोलून त्यांनी जीभ चावली. पण तात्यांनी ओठ वाचले होते. त्यांनी वाकून कंदील विझवला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तू सांगशील तसं."

पुढच्या वर्षी गवत कापणीला निघालो, तर तात्या आमच्याही आधी सड्यावर. बायकांनाही आता चटक लागली होती. जिथून लावी उडेल तिथं हाका मारायच्या. त्या खेपेला दोन घरटी मिळाली. खोकं पुन्हा मांडलं. या वेळी तुसाशेजारी ओलं फडकं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं. आणि रोज सकाळी उन्हं आली की खोक्याचं झाकण थोडा वेळ उघडायचं, कंदील बारीक करायचा आणि तात्यांनी बाहेर जायचं. अंड्यांना त्या वाऱ्यानं काही होत नव्हतं, पण तात्यांना होत होतं! सासूबाई त्यांना हाकलून द्यायच्या. "जा, चरून ये!" ते किनाऱ्यावर जायचे आणि लगेच परत यायचे. आत यायला मनाई, म्हणून भिंतीला बाहेरून पंजा लावून उभे राहायचे. येणारे-जाणारे विचारायचे, भिंत पडतेय काय तात्या?

पंधरवडा उलटून गेला आणि एका दुपारी मी अंडं कानाशी धरलं, तर आत टकटक. या वेळी ती जोराची होती, भांडकुदळ पोरासारखी. मी तात्यांचा हात पाटावर ठेवायला लावला आणि बोट वाजवायला सुरुवात केली. सासूबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. टकटक थांबायची, तात्या श्वास रोखायचे. पुन्हा सुरू व्हायची, त्यांच्या ओठांवर हसू यायचं. मग कवचाला बारीक चीर गेली, तिच्यातून चोचीचं टोक दिसलं. चीर गोल फिरत गेली आणि टोपण उघडावं तसं कवच उघडलं. आतून एक ओलं, तपकिरी पट्ट्यांचं, सुपारीएवढं पिल्लू धडपडत बाहेर आलं आणि तुसात तोंडावर पडलं.

तात्या वाकले. इतके वाकले, की त्यांचं नाक खोक्याला लागलं. त्या एवढ्याशा जीवाला म्हणाले, "मी हाय हो. मी हितंच हाय."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी तर हुंदके देऊन रडले. एकेक करत बहुतेक सगळी अंडी फुटली. त्या दिवशी तात्या जेवायला उठले नाहीत, म्हणून मी जेवण तिथंच नेलं. भिंतीशी उभं केलेलं जानकीचं ताट मी पाहिलं आणि त्याच ताटात वाढलं. तात्या त्यातच जेवले.

लाव्याची पिल्लं फार दिवस कुणाची नसतात. जन्मल्या दिवशीच पळायला लागतात. तात्या वारूळ फोडून वाळवी आणायचे, नाचणीचा भरडा भिजवायचे. पिल्लं त्यांच्या पायांतून, धोतराच्या सोग्याखालून पळत. मार्गशीर्षात पंख फुटले तशी त्यांनी सगळी टोपलीत घातली आणि सड्यावर नेऊन सोडली. मीही गेले होते. पिल्लं गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं इकडून तिकडून त्यांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. पांगलेली लाव्यांची पोरं एकमेकांना अशीच बोलावतात. तात्या रिकामी टोपली धरून उभे. "बोलतायत काय गो?" त्यांनी विचारलं. तिथं पाट कुठला? मी त्यांच्या हातातल्या टोपलीवर बोट वाजवलं. त्यांनी मान डोलावली. आणि डोंगर उतरताना एकदाही मागं वळून बघितलं नाही.

सासूबाई कुरकुरल्या, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. याची पिल्लं मुंगूस खाणार!" तात्या म्हणाले, "खाऊ दे. जन्माला तर आली ना?" दर वर्षी हेच. अंडी आणायची, उबवायची, सोडायची, आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या मुक्या घरात एकट्यानं बसायचं.

मध्ये आमचे हे आले, राहिले आणि गेले. मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला आई नव्हती आणि भाऊ-बाप सदा मासेमारीच्या मचव्यावर. सासूबाई म्हणाल्या, राहा इथंच. कळा सुरू झाल्या तेव्हा माघातली सकाळ होती. सुईण आली, दार लावलं. थोड्या वेळानं सासूबाई पाणी घ्यायला बाहेर गेल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "तात्या बसलाय बाहेर, दाराच्या फळीला हात लावून. जा म्हटलं तर जात नाय. म्हणतो, तिचा नवरा हजर नाय, तर कोणीतरी असायला पायजे."

मी त्या दुखण्यातही ओरडले, "असू देत त्यांना!" सुईण म्हणाली, एवढा आवाज हाय, म्हंजे पोर धडधाकट होणार. मुलगी झाली. ती रडली ती सगळ्या वाडीला ऐकू गेली, तात्या सोडून. तेव्हा मी सासूबाईंना खूण केली. त्या दाराशी गेल्या आणि फळीवर बोटांनी टकटक केली, भरभर, भरभर. दाराच्या पलीकडून तात्यांचा आवाज आला, "आलं काय? आलं! मी हाय हो! मी हितंच हाय!" आणि मग ते मोठमोठ्यानं रडू लागले. बहिऱ्या माणसाला आपलं रडणं किती मोठं आहे ते कळत नाही.

मुलीचं नाव जानकी ठेवू या, असं मीच सुचवलं. तात्यांनी हात जोडले. "नको गो बाय. त्या नावाला वाट बघायची सवय हाय. दुसरं काय तरी ठेव." आम्ही सुमन ठेवलं. ह्यांनी तिला पाहिलं तेव्हा ती रांगत होती, आणि ह्यांना बघून भोकाड पसरून तात्यांच्या धोतराला चिकटली.

तात्यांची छाती कोळशानं भरलेली होती. खोकला आधीपासून होताच, पण सुमन बोलायला लागली त्या वर्षी पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. दसरा झाला. मला वाटलं, या खेपेला अंडी नकोत. पण गवत कापून परतताना बायकाच ओटीत अंडी घेऊन त्यांच्या पडवीत आल्या. एके काळी चळ लागलाय म्हणणाऱ्या याच बायका! तात्या म्हणाले, "वयनी, पहारा कोण करणार?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी खोकं त्यांच्या बाजेशेजारी मांडलं. अंड्यांवर कोळशाच्या टिकल्या लावल्या, फडकं भिजवलं. सकाळी मी कंदील बारीक करायची तेव्हा तात्या पडल्या पडल्या म्हणायचे, "जा, तूही चरून ये." बोलताना धाप लागायची. दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "वाजतंय काय गो बाय?" मी मान हलवायची. ते मग वर वाशांकडे बघत पडून राहायचे. त्यांना घाई होती. कसली, ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. अंडी फुटेपर्यंत टिकायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या दुपारी सासूबाई त्यांना पेज भरवत होत्या. दोन चमचे गेले आणि त्यांनी मान वळवली. श्वास घशात अडकत होता. मी सवयीनं एक अंडं उचलून कानाशी धरलं, आणि वाजलं!

"तात्याऽऽ!" मी ओरडले. आता त्यांना ओरडलेलंही ऐकू येत नव्हतं, पण माझं तोंड दिसलं. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. मी तो धरून बाजेच्या लाकडी दांड्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बोटानं वाजवू लागले. आत टक, बाहेर टक. आत टकटक, बाहेर टकटक. त्यांचा तळवा लाकडावर सपाट पसरला, पहिल्या दिवशी आमच्या चौकटीवर होता तसा. डोळे अर्धवट मिटले. ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण इतक्या वर्षांनी मलाही ओठ वाचता येत होते. मी हाय, म्हणाले ते.

मी वाजवत राहिले. एका कानाला अंडं, एक बोट दांड्यावर. पिल्लू थांबलं की मी थांबायची, सुरू झालं की सुरू करायची. माझं सगळं लक्ष त्या अंड्यात. किती वेळ गेला कोण जाणे. सासूबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली आणि माझं बोट मुठीत धरलं.

"पुरे गो," त्या म्हणाल्या. "पोचलं त्याला."

मी तात्यांकडे पाहिलं. तळवा लाकडावर तसाच होता. माझ्या कानाशी मात्र टकटक चालूच होती.

मग बायका जमल्या, रडणं सुरू झालं. पुरुष कामाला लागले. मला कुणीतरी बाहेर बोलावलं. मी उठले नाही. त्यांना नेलं तेव्हाही नाही. कंदिलाची वात सारखी केली, फडकं भिजवून आत ठेवलं आणि खोक्याशी बसून राहिले. त्या अंड्याला चीर गेली होती. कुणीतरी हजर असायला हवं होतं.